उलटं वळण

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा फोन! अकरा महिन्यांनी!

खालच्या कवळीचे दात मेणात बसवत होते. पाचवा दात चिमट्यात. फोनवर त्याचं नाव दिसलं आणि दात कुठे उडाला कोण जाणे. टेबलाखाली शोधत शोधतच बोलले.

"ठके, एक काम होतं गं."

काम! कशी आहेस, नाही. तब्येत बरी का, नाही. काम.

तर काम असं. चिमणीला, म्हणजे त्याच्या मुलीला, नववा वाढदिवस म्हणून कुत्र्याचं पिल्लू आणलंय. दोन महिन्यांचं. ते घरभर शू करतं. वहिनी रडकुंडीला आलीये. "लहानपणी आपल्या वाघ्याला तूच वळण लावलंस की नाही? महिनाभर ठेवून घे. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

लोणी! अकरा महिने साठवून ठेवलेलं सगळं लोणी एकाच फोनवर!

"बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. दात काही सापडला नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही म्हणणार आहे. मन विरघळू नये म्हणून सगळं इथे लिहून ठेवते. विरघळलं की वाचायचं.

बाबांचं आठ वर्षं मी केलं. आधी हात कापायला लागले, मग पाय अडखळायला लागले, मग लघवी कळेनाशी झाली. दादा पहिल्या रविवारी यायचा. खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, "तू आहेस म्हणून निभतंय" म्हणायचा आणि जायचा. त्याचंही मला काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये माझं पित्ताशय काढलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस वजन उचलायचं नाही. बाबा म्हणजे वजनच. दादा त्यांना घेऊन गेला. दिवाणखान्यात खिडकीपाशी पलंग टाकला. मी रोज फोन करायची. "बरे आहेत, झोपलेत." नवव्या दिवशी, बारा तारखेला, दुपारी साडेबाराला दादाचा फोन — "पहाटे बाबा गेले गं. आटोपलं सगळं. तू टाक्यांची, धावपळ नको म्हणून कळवलं नाही."

आटोपलं सगळं!

माझ्या घरापासून त्याचं घर रिक्षाने वीस मिनिटं. वीस मिनिटं!! टाके उसवले असते तर माझे उसवले असते. बापाचं शेवटचं तोंड बघायचं की नाही, हे वहिनीने आणि त्याने चहा पिता पिता ठरवलं असणार.

आणि महिन्याभराने मी त्याच्याकडे गेले, तर दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. सायीच्या रंगाचा, पाय रुतेल असा जाड. वहिनी कुणाला तरी सांगत होती, "फरशीचा वास जाता जाईना हो, म्हणून घातला." माझ्या बापाचा वास! झाकून टाकला.

दात बनवून पोट भरते मी. दात धरणंही मला चांगलं जमतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

हो म्हटलं!

आज प्लास्टर कालवताना डोक्यात आलं आणि हात थांबला. प्लास्टर भांड्यातच घट्ट झालं, फेकावं लागलं. फेकू दे.

कुत्र्याचं पिल्लू कशावर शू करायला शिकतं? पायाखाली जे लागतं त्यावर. मातीवर शिकवलं तर जन्मभर माती शोधतं. वाघ्या अंगणातल्या वाळूच्या ढिगावर शिकला, तर ढीग उपसल्यावर दोन दिवस कळवळत फिरला, पण दुसरीकडे केली नाही.

मग गालिच्यावर शिकवलं तर?

दादाला फोन केला. आवाजात मध. "पाठव की रे. आणि वहिनींना सांग, गालिच्याचा उरलेला तुकडा असेल तर तोही द्या म्हणावं. घराच्या वासाची ओळख राहील त्याला."

"वा! बघ, तुला कसं सुचतं!" दादा म्हणाला.

सुचतं बाबा. सुचतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आले. वहिनी आणि चिमणी. दादा नाही. "त्यांना जरा बरं नव्हतं." बहिणीच्या दारात यायची लाज वाटते असं म्हणा ना!

पिल्लू तपकिरी आहे. पाठीवर एकच गोल काळा ठिपका, म्हणून चिमणीने त्याचं नाव बटण ठेवलंय. पोट एवढं फुगलेलं की चालताना मागचे पाय पुढच्या पायांना ओलांडून जातात. आल्या आल्या वहिनीच्या पर्सवर चढलं आणि तिथेच केली. मी मनात म्हटलं, गुणी आहेस रे!

वहिनी वाळलीये. डोळ्यांखाली काळं. "वन्सं, तुमचे उपकार झाले बघा." काही हवं असलं की मी वन्सं. एरवी 'त्या'.

तुकडा आणलाय. मोठा, दोन चटयांएवढा. जाताना चिमणी दारातून तीनदा परत आली. "आत्या, त्याला रागावू नकोस हं. ते लहान आहे."

नाही गं रागावणार. त्याच्यावर नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

एका दिवसात सतरा वेळा! मोजल्या! चपलेत, पायपुसण्यावर, प्लास्टरच्या पोत्यापाशी, माझ्या पावलावर. फक्त गालिच्यावर नाही. गालिच्यावर झोपतं!

१० फेब्रुवारी, सोमवार

चूक माझी. गालिचा बिछान्याशेजारी टाकला होता. जिथे झोपायचं तिथे कुठलाही शहाणा प्राणी घाण करत नाही. तुकडा आता न्हाणीघरात, दरवाजाच्या आत. बटणाचा बिछाना माझ्या कामाच्या टेबलाखाली.

वेळा ठरवल्या. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, आणि मध्ये दर दोन तासांनी. उचलायचं, तुकड्यावर ठेवायचं, वाट बघायची. केली की उकडलेल्या अंड्याचा कण आणि कौतुक.

आणि एक शब्द. प्रत्येक वेळी तोच शब्द म्हणायचा, म्हणजे पुढे शब्द ऐकला की शू होते. वाघ्याला मी 'कर कर' म्हणायची. बटणासाठी शब्द शोधावा लागलाच नाही.

"आटोप."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज नऊपैकी चार तुकड्यावर. एक तर "आटोप" म्हटल्यावर लगेच! मी इतकी ओरडले की पिल्लू घाबरून त्यातच बसलं.

वरच्या कवळीचा मेणाचा साचा चावून ठेवलाय. समोरचे सहा दात गायब. दंतवैद्यांचा फोन — "मॅडम, आजची कवळी?" म्हटलं, "डॉक्टर, कुत्र्याने खाल्ली." त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बावीस वर्षांत असं कारण पहिल्यांदा ऐकलं, म्हणून माफ."

दुपारभर त्याच्या शीमध्ये दात शोधत होते. काय वेळ आणलीये सुडाने!

१६ फेब्रुवारी, रविवार

दर दोन तासांनी घड्याळ बघायचं. हात पुसायचे, उठायचं, न्हाणीघर. बाबांचंही असंच होतं. "बाबा, जाऊन येऊ या?" ते म्हणायचे, "आत्ताच तर गेलो होतो." गेलेले नसायचे. मी म्हणायची, "मला जायचंय, सोबत चला." मग यायचे. मोठेपणा राखून नेलं की यायचे. हे शिकायला मला वर्ष लागलं होतं.

नऊ दिवस सांभाळून वहिनी लोकांना सांगत होती, "माझी कंबर मोडली." नऊ दिवस!

आज तुकड्यावर आठपैकी सात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्या!

२० फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षा घेतली. फरशीवर उभं करून "आटोप" म्हटलं. बटणाने माझ्याकडे बघितलं. मग फरशीकडे. मग तुरुतुरु न्हाणीघराकडे पळत गेलं आणि तुकड्यावर जाऊन केली. परत आलं आणि अंड्यासाठी बसलं, पाठ ताठ, एखाद्या कारकुनासारखं.

मी खाली बसून त्याला मिठी मारली. काय हुशार आहे! असं पिल्लू लाखात एक!

मग वाईट वाटलं. त्याला वाटतंय, ते चांगलं वागतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट वाटलं म्हणून चार तारखेचं पान परत वाचलं. आता नाही वाटत.

२३ फेब्रुवारी, रविवार

चिमणीला घेऊन वहिनी आली. तासभर बसल्या. तुकडा मी आधीच गुंडाळून वर माळ्यावर टाकला होता आणि बटणाचं आटोपून घेतलं होतं.

"आई, बघ! एक थेंबसुद्धा नाही!" चिमणी नाचायला लागली. वहिनी बटणाकडे बघतच राहिली. म्हणाली, "माणसांनाही असं शिकवता आलं असतं तर किती बरं झालं असतं, नाही?" आणि घाईघाईने बटणाला उचलून घेतलं.

टोमणा कुणाला मारला कळलं नाही. मलाच असणार. मी म्हटलं, "माणसांना शिकवावं लागत नाही वहिनी. त्यांना मुळातच कळायला हवं."

तोंड उतरलं तिचं. बरं झालं.

दादा आजही नाही. "गाडी चालवायचा कंटाळा करतात हल्ली." बहीण आहे मी, पेट्रोलपंप नाही, की गाडी असेल तरच यायचं!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आठ दिवस राहिले. बटण आता माझ्या पावलांचा आवाज ओळखतं. बाजारातून आले की दाराच्या आत शेपटी आपटल्याचा आवाज येतो, ढप ढप ढप. या घरात मी आले म्हणून कुणाला आनंद होण्याला वर्ष होत आलं.

त्यांनी त्याला मारलं तर? गालिचा नासवला म्हणून बाहेर सोडून दिलं तर?

नाही, चिमणी सोडू देणार नाही. आणि सोडलंच तर मी आहे. माझ्याकडे परत येईल. म्हणजे दोन्हीकडून माझाच फायदा. असा हिशेब मांडला आणि स्वतःचीच जरा भीती वाटली.

२ मार्च, रविवार

अजून वेळ आहे, मातीवर शिकवता येईल, असं सकाळी वाटलं. त्याला घेऊन मागच्या कुंड्यांपाशी गेले. उभी राहिले. "आटोप" म्हटलं. बटण दाराकडे धावलं. आतल्या तुकड्याकडे. पक्कं झालंय. घट्ट झालेलं प्लास्टर पुन्हा कालवता येत नाही.

मी परत प्रयत्न केला नाही, हेही खरं लिहायला हवं.

८ मार्च, शनिवार

नेलं. भाड्याच्या गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून बघत होतं.

पंधरा तारखेला दादाकडे चहापान आहे. बढती मिळालीये, खात्याचा मुख्य झालाय. ऑफिसातली वीसेक माणसं, मोठे साहेबसुद्धा. वहिनी म्हणाली, "तुम्ही याच हं वन्सं. आलात तर मला आधार होईल." आधार! वाट्या-बशा उचलायला बाई हवी असेल.

येणार म्हटलं. का नाही येणार!

तुकडा धुवायला काढला आणि तसाच ठेवला. घर किती शांत आहे. टेबलाखाली पाय पसरले तर कुणाला लागत नाहीत.

९ मार्च, रविवार

अजून फोन नाही. काल संध्याकाळपासून निदान सात-आठ वेळा तरी झाली असेल गालिच्यावर! वहिनी किंचाळत फोन करेल असं वाटलं होतं. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलंय — "अगंबाई! माझ्याकडे तर एक थेंब नाही! तुमच्याच घरी कसं काय?"

१० मार्च, सोमवार

नाही.

११ मार्च, मंगळवार

राहवलं नाही. मीच केला. चिमणीने उचलला. "बटण मजेत आहे आत्या. माझ्या मोज्याशी खेळतं."

"आणि शू?"

"आई पुसते."

बस्स. एवढंच. आई पुसते! रागावली नाही, ओरडली नाही, मला जाब विचारला नाही. पक्की आहे बाई! माझ्यापुढे हार कबूल करायची नाही म्हणून तोंड शिवून बसलीये. ठीक. चार दिवसांनी वीस माणसांपुढे बघू कशी शिवतेस ते.

१२ मार्च, बुधवार

आज वर्ष झालं. दादाचा फोन नाही.

१५ मार्च, शनिवार

आत्ताच आले. सगळं नीट क्रमाने लिहिते.

साडेचारला पोहोचले. गालिचा चक्क स्वच्छ! जवळून बघितलं तर ठिकठिकाणी घासून घासून लोकर विस्कटलेली. अत्तराचा फवारा मारलेला. बटण आतल्या खोलीत बंद, कण्हत होतं. दादा खिडकीपाशी मोठ्या खुर्चीत. वर्षभराने भाऊ बघितला. केस पांढरे झालेत. "ये गं ठके" म्हणाला, पण उठला नाही. लोक यायला लागले, साहेब आले, तरी हा खुर्चीतच! बसूनच हात मिळवत होता. खात्याचा मुख्य झाला म्हणून एवढा मोठेपणा? आणि खुर्ची कुठे, तर जिथे बाबांचा पलंग होता नेमकी तिथे.

वहिनी त्याच्या खुर्चीच्या आसपासच. कुणी गप्पा मारायला जवळ सरकलं की ही मध्ये बशी घेऊन उभी. मला म्हणाली, "वन्सं, जरा तुम्ही यांच्याजवळ थांबा ना, मी चहा बघून येते." मी म्हटलं, "मी चहा बघते, तुम्ही थांबा." ती थांबली.

साडेपाच झाले असतील. साहेब दादाच्या जवळच्या सोफ्यावर. मध्येच त्यांनी नाक ओढलं. शेजारच्या बाईंनी पदर नाकाशी नेला. एकजण हळूच म्हणाला, "कसला वास येतोय हो?" दुसऱ्याने खुर्चीकडे बघितलं. बोलणं थांबलं. कप बशीत ठेवल्याचे आवाज तेवढे. वहिनी बिस्किटांची बशी घेऊन खुर्चीच्या आणखी पुढे सरकली.

मला वाटलं, हीच वेळ! अत्तर उडालं, आठवडाभराचा वास वर आला. आता नुसता वास नको. आता डोळ्यांदेखत!

मी आत गेले. दार उघडलं. बटण सुटलं ते थेट माझ्या पायांपाशी, मग माणसांमधून वाकडंतिकडं, शेपटी हलवत. मी दारातच उभी. आवाज फार मोठाही नाही, फार लहानही नाही.

"आटोप."

दादाने मान वर केली. मी त्याच्याकडेच बघत होते. तो शब्द त्याला ओळखू आला की नाही, माहीत नाही.

बटण दादाच्या खुर्चीपाशी गेलं, दोनदा गोल फिरलं, बसलं आणि वीस माणसांपुढे, साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर, त्या सायीच्या गालिच्यावर — भरपूर!

बाबा, बघा, म्हटलं. बघा!

आणि साहेब हसले! खो खो हसले! "अरेच्चा! हे होय! वासाचा धनी सापडला!" मग सगळेच हसायला लागले. ज्या बाईंनी पदर नाकाशी नेला होता त्या बटणाला उचलून घ्यायला धावल्या. एकजण म्हणाला, "आमच्याकडचं तर उशीवर करायचं!" जो तो आपापल्या कुत्र्यामांजरांच्या गोष्टी सांगायला लागला. वहिनी एकदम मोठ्याने — "काय करणार हो, सारखं करतं! घरभर करतं! कितीही पुसा!" — आणि हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. पुसायला बसली ती दादाच्या पायांशीच, आणि खुर्चीवरून लोंबणारी शाल त्याच्या मांडीवर नीट सारत होती. दादा खिडकीबाहेर बघत होता.

लाज कुठे आहे? माझा सूड कुठे गेला? महिनाभर शी चिवडली मी, कवळ्या फुकट घालवल्या, रोज उठून राग ताजा ठेवला. आणि त्यांनी त्याची करमणूक करून टाकली! पाहुणे खूश, साहेब खूश. जाताना कुणी म्हणालं, "मस्त झाला कार्यक्रम!" पाहुण्यांना सोडायलासुद्धा दादा उठला नाही.

मी चप्पल घालत होते तेव्हा वहिनी धावत आली. माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी हात सोडवून घेतला.

१६ मार्च, रविवार

दिवसभर काम केलं नाही. असं हरणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. जिंकले असते तर काय वाटलं असतं, तेही आता आठवेना.

दुपारी वहिनीचा फोन. "परवा सकाळी तुमच्याकडे येते. एकटी." आता आली वेळ! कळलंय तिला. ये म्हटलं. मीही सगळं बोलणार आहे. वीस मिनिटांचं अंतर, साडेबाराचा फोन, फरशीचा वास, सगळं. आज तोंडपाठ करते.

१८ मार्च, मंगळवार

वहिनी आली. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "तू मुद्दाम केलंस ना त्या दिवशी? पिल्लाला सोडलंस, त्याला काहीतरी म्हणालीस. मी बघितलं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली. मी म्हटलं, "हो, मुद्दाम केलं." आणि पाठ केलेलं सुरू करणार, तर तिने माझ्या खांद्यावर डोकंच टेकवलं. "तुला कसं गं कळलं? मी कुणाला कळू दिलं नव्हतं. बाबांसारखंच सुरू झालंय त्यांना. हात कापतात, लघवी कळत नाही. दोघांचं पुसणं होईना म्हणून पिल्लू तुझ्याकडे पाठवलं होतं. त्या दिवशी खुर्चीत झाली होती त्यांची. साहेबांनी बघितलंच असतं. वाचवलंस तू त्यांना. तेव्हापासून एकच म्हणतात, ठकीने माझी लाज राखली."

पाठ केलेलं सगळं मी गिळून टाकलं.

म्हणाली, "न्हाणीघरात चला म्हटलं की चिडतात. कसं न्यायचं, मला शिकव."

तिला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग सांगायला लागले.